दुसऱ्या खेपेची मळमळ, ऑफिस आणि घरातलं पोट्टं
अगं, दुसऱ्यांदा गरोदर आहेस अन् दिवसभर मळमळ होऊन राहिली तर नॉर्मल आहे, सकाळीच होते असं काही नसते. बहुतेकींचं गरोदरपणाच्या १६व्या ते २०व्या आठवड्यापर्यंत उतरते. पोट रिकामं ठेवू नको बस, उशाशी मुरमुरे-फुटाणे ठेव, उठायच्या आधीच दोन घास खा, आणि ऑफिसात दर दोन तासांनी थोडं थोडं. पाणी जेवणासोबत ढोसू नको, मधे मधे घोट घोट. तर्रीच्या वासानं उलटी येते तर फोडणी नवऱ्याला घालू दे, पोराचा डब्बाही त्यालेच सांग, शिकते तो!

आयर्नच्या गोळीनं वाढते का पाहा, डॉक्टर वेळ बदलून देतात. मळमळीवर डॉक्सिलामाइन आणि व्हिटॅमिन बी६ ची गोळी असते, पण विचारूनच घे, झोप येते त्यानं, स्कुटी चालवू नको.

नागपूरच्या उन्हात पाणीही टिकत नसेल, लघवी गडद नाहीतर कमी होत असेल, वजन उतरत असेल तर सरळ डॉक्टरकडे जा, सलाईन लागू शकते. सासूबाई म्हणतीलच “आम्हाला पण झालं होतं”, म्हणू दे.

आणि हो, कायद्यात बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या सुट्टीशिवाय गरोदरपणातल्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंत पगारी सुट्टी आहे, सर्टिफिकेट लागते, एचआरले विचार.