पाळी गेल्यावर हार्मोन घेतले तर चेहरा तरुण राहतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ५१, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, चेहरा सुकल्यासारखा दिसतो आणि मैत्रीण म्हणते हार्मोनच्या गोळ्या घे, सुरकुत्या जातील. ताई, नुसत्या चेहऱ्यासाठी घेऊ नका.

मी इस्ट्रोजेनचं, म्हणजे पाळी गेल्यावर आटणाऱ्या बायकांच्या हार्मोनचं, जेल लावते, पण ते रात्री अंगातून वाफा निघायच्या, झोपेचं खोबरं व्हायचं म्हणून. कातडीचा कोरडेपणाही थोडा कमी झाला, हे खरं. इस्ट्रोजेन आटलं की कातडीतलं कोलॅजेन (तिला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन), पाणी, तेल सगळंच उतरतं. पहिल्या ५ वर्षांत कोलॅजेन साधारण ३० टक्के घटतं, पुढे वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास. हार्मोनने ही घट मंदावते, कातडी थोडी जाड राहते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सुरकुत्यांचं मात्र तसं नाही. काही अभ्यासांत फरक पडला, काहींत अजिबात नाही.

ब्लाउजची बाही वर सरकवून बघा. बाहीखालची कातडी मऊ, एकरंगी. तिथून मनगटापर्यंत डाग नि बारीक चुण्या. हार्मोन दोन्हीकडे तेच, फरक उन्हाचा. आम्ही देवगडकडच्या बायका मे महिन्यात रातांब्याची (कोकमाच्या फळाची) सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालतो, आंब्याची साठं उलटतो, तीही भर बाराला. खाडीवरचा वारा लागतो म्हणून ऊन जाणवत नाही एवढंच. उन्हाने केलेलं नुकसान कुठलंच जेल पुसत नाही. छत्री, लांब बाही, सनस्क्रीन, आणि आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल किंवा कोकमतेल, यावर खर्च करा. दुकानदार हातात देतो ती 'गोरं करणारी' ट्यूब नको. त्यांतल्या कितीतरींत स्टिरॉइड असतं, आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते.

वाफा, झोपमोड असा त्रास असेल तर गोष्ट वेगळी. ६०च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त. पण धोका आहेच: २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'च्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं कृत्रिम औषध) यांच्या एकत्रित गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. गुठळीचा धोका गोळीपेक्षा जेल-पॅचमध्ये कमी. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढतं. कर्करोग, गुठळी, यकृताचा आजार झालेला असेल किंवा मध्येच रक्त जात असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि एक, जे लाजेपायी कोणी विचारत नाही. खाली कोरडं पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, वरचेवर इन्फेक्शन. इस्ट्रोजेन खरं काम करतं ते तिथे. थोडंसं क्रीम आत लावायचं असतं, रक्तात फारच कमी जातं. असलं काही होत असेल तर गायनॅककडे गेल्यावर चेहऱ्याचं राहू द्या, पहिल्यांदा हे विचारा.