एफआर-एसला सुपरचार्जर किट घरी बसवावं की गॅरेजला द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहणाऱ्या एकाकडे 2013 ची सायन एफआर-एस ही टोयोटाची छोटी स्पोर्ट्स कार आहे, 85 हजार मैल झालेली. सुपरचार्जर किट घ्यायचं ठरलंय. घरी बसवू की गॅरेजला देऊ, आणि ताकद किती वाढेल?

घरी बसवा.

माझी गाडी हीच, मॉडेल हेच. ट्रेसीतल्या माझ्या गॅरेजमध्ये जॅक स्टँडवर चढवून मी एकट्यानं किट बसवलंय. आणि गेली तीन वर्षं दिवाळी असो, गणपती असो की कुणाचं बारसं, माझा आतेभाऊ चारचौघांत सांगत सुटतो, "ह्यानं घरी बसवलं म्हणून इंजिन गेलं." इंजिन गेलं हे खरं आहे. घरी बसवलं म्हणून गेलं हे खोटं आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि हे एकदाचं सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझे वडील कोल्हापूरला, शिरोलीच्या एका फाउंड्रीत कपोला भट्टीवर (लोखंड वितळवण्याच्या) होते. भट्टीला हवा देणारा ब्लोअर मी शाळेत असल्यापासून बघितलाय. सुपरचार्जर म्हणजे दुसरं काही नाही, इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअरच. ज्या रूट्स ब्लोअरचं नाव गाड्यांच्या दुनियेत घेतात त्याचं पेटंट 1860 चं, आणि मोटारीत येण्याच्या कितीतरी आधी तो भट्ट्यांनाच हवा देत होता. मी किट घेणार म्हटल्यावर आबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो ताकदीचा नव्हता. "हवा वाढवनार, मग कोळसा कोन वाढवनार? आन् आतलं अस्तर बघितलंस का?" गाडीच्या भाषेत कोळसा म्हणजे इंधन आणि टायमिंगचा (ठिणगी कधी पडायची त्याचा) नकाशा, ज्याला आपण ट्यून म्हणतो. अस्तर म्हणजे पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड.

म्हणून किटचं खोकं उघडण्याआधी मी लीक-डाउन टेस्ट केली. एकेक सिलिंडर वरच्या टोकाला आणून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. चारही सिलिंडरांचे आकडे 5, 6, 6, 7 आले. तारीख घालून कागदावर लिहिले आणि कागद वर्कबेंचवर चिकटवला. पुढची सगळी गोष्ट ह्या कागदावर उभी आहे.

नोव्हेंबर 2021, थँक्सगिव्हिंगची चार दिवसांची सुट्टी. मॅन्युअलमध्ये एका दिवसाचं काम म्हणून लिहिलं होतं, मला साडेतीन दिवस लागले. पुढचा बंपर, एअरबॉक्स, बॅटरी काढणं सोपं आहे. बॉक्सर इंजिनचे (ह्यात सिलिंडर आडवे असतात) स्पार्क प्लग मात्र आडवे, दोन्ही बाजूंना चॅसीला खेटून बसलेले. हात जात नाही, डोळा तर नाहीच. छोटी छोटी एक्स्टेन्शनं जोडत, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घालून, बोटांच्या अंदाजानं काढावे लागतात. चार प्लगांना माझी अर्धी सकाळ गेली. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या आणि गॅप, म्हणजे ठिणगीचं अंतर, किटवाल्यानं सांगितलाय तेवढाच ठेवा. दाबाखाली मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते.

तिसऱ्या दिवशी ब्लोअर ब्रॅकेटवर चढला, पट्टा बसला, इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं तर पट्टा पुलीच्या एका कडेला सरकत होता. अगदी जरासा. आतेभाऊ तेव्हा बघायला आला होता. म्हणाला, "चालतंय की लका, ताण दे अजून." मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते, ते अंगणात चहा पीत बसले होते. म्हणाले, "पट्टा काढ. दोरा लाव आन् मला दाव." मी घरातून शिवणाचा पांढरा दोरा आणला, क्रँकच्या पुलीच्या तोंडावर ताणून ब्लोअरच्या पुलीपर्यंत नेला. एका बाजूनं दोरा टेकत होता, दुसऱ्या बाजूला पुली आणि दोरा यांत फट होती, दोन मिलिमीटरची असेल. आबा म्हणाले, "ब्लोअर खाली घे. ब्रॅकेट जिथं टेकतंय तिथं बोट फिरव." बोट फिरवलं तर ब्रॅकेटच्या एका पायाखाली पावडर कोटिंगचा थेंब वाळून टणक झाला होता, तांदळाच्या कणीएवढा. कानस चार वेळा फिरवली, पुसून घेतलं, पुन्हा बसवलं. दोरा दोन्ही कडांना टेकला. आबा काही बोलले नाहीत, त्यांनी नुसता चहाचा कप वर केला.

ताशी पैसे मोजणारा मेकॅनिक तो थेंब शोधायला थांबला असता का? माझ्या मते नाही. त्यानं पट्ट्याला ताण दिला असता आणि गाडी तुमच्या हवाली केली असती. घरी बसवा म्हणतो ते ह्यासाठी. पैसे वाचतात, पण तो मुद्दा दुय्यम आहे.

माझ्या किटचा ब्लोअर सेंट्रिफ्यूगल (वेगानं फिरणाऱ्या चाकानं हवा फेकणारा) आहे आणि त्याचं तेल स्वतंत्र, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. ते नळ्यांमध्ये पूर्ण भरल्याशिवाय चावी फिरवायची नाही. ह्यात घाई केली तर ब्लोअर पहिल्याच मिनिटाला खराब होतो.

किटसोबत आलेला ट्यून घातला आणि गाडी डिसेंबर ते मे सहा महिने चालवली. ऑफिसला, टाहोला, दोनदा ट्रॅकवर. एकदाही कुरकुर नाही. दर आठवड्याला लॉग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी, काढत होतो. 6500 आरपीएमला बूस्ट (ब्लोअरनं दिलेला जादा दाब) 0.45 बार, हवा-इंधनाचं प्रमाण 11.8, आणि नॉकची (मिश्रण अवेळी भडकण्याची) नोंद शून्य.

मग मे 2022 मध्ये मी आतेभावाचं ऐकलं. "घरी बसवलंस ते बसवलंस, आता निदान ट्यून तरी प्रोफेशनलकडून कर. पंधरावीस घोडे अजून निघतील." एका डायनोवाल्याकडे (रोलरवर गाडी चढवून ताकद मोजणाऱ्याकडे) गेलो. नाव लिहीत नाही. त्यानं दोन तासांत नवी फाइल घातली, कागदावर चौदा अश्वशक्ती वाढल्या, मी खूश होऊन घरी आलो.

जुलैत सेंट्रल व्हॅलीचा उन्हाळा सुरू झाला. हवा 40 अंशांची. तीच हवा 0.45 बार दाबली की ब्लोअरमधून बाहेर पडते तेव्हा 90 च्या आसपास जाते. इंटरकूलर काही कमी करतो, सगळं नाही. ह्या इंजिनचं कॉम्प्रेशन मुळातच 12.5 ला 1. म्हणजे आधीच कमी जागेत कोंबलेल्या हवेत आपण अजून गरम हवा कोंबतो. अल्टामाँटच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. दोन सेकंद. पाय काढला, पण घरी पोचेपर्यंत मागे निळा धूर दिसायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लीक-डाउन. 6, 6, 7 आणि तीन नंबरला 31. तेलाचं झाकण उघडून कान लावला तर आतून हवेचा फुस्स आवाज येत होता. इंजिन उघडल्यावर पिस्टनची रिंगलँड, म्हणजे दोन रिंगांमधला कडा, तुटलेली निघाली.

आतेभाऊ त्याच संध्याकाळी आला आणि म्हणाला, "बघ, सांगितलं होतं."

मी एप्रिलचा आणि जुलैचा लॉग शेजारी शेजारी ठेवले. बूस्ट तोच. हवा-इंधन तेच. पट्टा घसरला असता तर बूस्ट पडला असता. कुठे नळी सुटली असती तर मिश्रण बिघडलं असतं. बदललेली गोष्ट एकच, टायमिंग त्याच लोडला चार अंश पुढे होतं, म्हणजे ठिणगी तेवढी लवकर पडत होती. मग ईसीयूमधून (इंजिनच्या कॉम्प्युटरमधून) फाइल वाचून काढली. फाइलच्या नावातच 93 लिहिलेलं होतं. कॅलिफोर्नियातल्या पंपावर सर्वांत वरचं पेट्रोल 91 ऑक्टेनचं मिळतं! दुसऱ्या राज्यातल्या पेट्रोलसाठी केलेली फाइल त्यानं माझ्या गाडीत ओतली होती. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथला 91 म्हणजे रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी. तिकडच्या मोजणीत (रॉन) तो साधारण 95-96 भरतो. तुमच्या पंपावरच्या 91 शी तुलना करू नका.)

इंजिनचा खालचा अर्धा नवा घालावा लागला, सहा हजार डॉलरच्या वर गेले. डायनोवाल्यानं हात झटकले, "किट कुणी बसवलंय काय माहीत." म्हणजे त्याचंही तेच. घरी बसवलं ना, मग चूक तुमचीच.

नव्या इंजिनवर मी तोच ब्लोअर, तेच ब्रॅकेट, त्याच जागी स्वतःच्या हातानं बसवलं आणि किटची मूळ फाइल परत घातली. त्याला आता 21 हजार मैल झालेत. मध्ये दोन उन्हाळे अल्टामाँट रोज चढलोय. परवा लीक-डाउन केली, एकही आकडा आठच्या वर नाही. बसवण्यात खोट असती तर हे इंजिनही गेलं असतं. ह्याचं उत्तर आतेभावाकडे नाही, तो विषय बदलतो.

आता तुमच्या कामाचं.

ताकद: मूळ 200 अश्वशक्ती क्रँकवरची, म्हणजे इंजिनवर मोजलेली आहे. माझी गाडी चाकांवर 168 द्यायची, किटच्या फाइलवर 238 देते. सेंट्रिफ्यूगलमध्ये बूस्ट आरपीएमबरोबर चढतो, म्हणून ह्या गाडीचा चार हजारांच्या आसपासचा खड्डा फारसा भरत नाही. तो भरायचा असेल तर रूट्स जातीचा घ्या. मला वरचा दम आवडतो.

किटला कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे मान्यतेचा नंबर असलाच पाहिजे, आणि त्याचं स्टिकर बॉनेटखाली दिसेल असं लावा. तो नसेल तर स्मॉग चेकमध्ये (गाडीच्या धुराच्या सक्तीच्या तपासणीत) नुसत्या नजरेनंच नापास करतात. शिवाय जुलै 2021 पासून ईसीयूचं सॉफ्टवेअरही तपासतात. मूळ किंवा कार्बनं मान्य केलेलं नसेल तर गाडी नापास. म्हणजे त्या डायनोवाल्याच्या फाइलवर मी स्मॉगलाही अडकलो असतो. चौदा घोड्यांसाठी!

2013 ची गाडी असल्यामुळे व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल, नोव्हेंबर 2018 मधला, तुमच्या गाडीवर झालाय का ते गाडीचा चॅसी नंबर टाकून आधी बघा. ते काम बाकी असेल तर किटला हात लावू नका. विमा कंपनीला कळवा. टॉर्क पाना चांगला घ्या. जॅक स्टँडशिवाय गाडीखाली जाऊ नका. गाडी ऑटोमॅटिक असेल तर माझा अनुभव धरून चालू नका, माझी मॅन्युअल आहे. आणि 85 हजार मैलांवर तुमचे आकडे वीसच्या पुढे आले, तर वर लिहिलेलं सगळं विसरून आधी इंजिनचं बघा. घरी नको आणि गॅरेजलाही नको.

लीक-डाउन टेस्टर नसेल तर विकत घेऊ नका, माझा घेऊन जा. शनिवारी सकाळी या, चारही सिलिंडर दोघं मिळून दोन तासांत मोजू. आबा हल्ली इथेच आहेत, ते दोरा घेऊन शेजारी उभे राहतील.