सिलेक्ट मारला की सगळं दिसतंय, मग एन्क्रिप्ट काय झालं?

प्रश्न: आमच्या डेटाबेसमध्ये कस्टमर्सचे फोन नंबर, बँक खात्याचे नंबर असं बरंच काही आहे. एसक्यूएल सर्व्हरवर टीडीई (ट्रान्सपरंट डेटा एन्क्रिप्शन) चालू केलं, एरर काही आला नाही, पण सिलेक्ट क्वेरी मारली तर सगळे नंबर जसेच्या तसे दिसतात. म्हणजे एन्क्रिप्शन झालंच नाही का? लॉगिनचे पासवर्डपण त्याच डेटाबेसमध्ये आहेत, ते यात कव्हर होतात का?

उत्तर: झालंय हो, बहुतेक व्यवस्थित झालंय. टीडीई डिस्कवरची फाइल एन्क्रिप्ट करतं, तुमची क्वेरी नाही. डेटाचं पान डिस्कवर लिहिताना एन्क्रिप्ट होतं आणि मेमरीत वाचताना उघडतं, त्यामुळे ज्याच्याकडे लॉगिन आणि परमिशन आहे त्याला सगळं साधंच दिसणार. खात्री करायची असेल तर एन्क्रिप्शन स्टेट बघा, ३ आलं म्हणजे पूर्ण झालं, २ असेल तर अजून चालू आहे.

आता याचा उपयोग कुठे, तर कोणी डिस्क पळवली किंवा बॅकअपची फाइल कॉपी करून नेली तर त्याच्या हाताला काही लागत नाही. पण तुमच्या वेबसाइटमध्ये एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरून आपली क्वेरी घुसवण्याचं) भोक असेल किंवा अ‍ॅडमिनचा पासवर्ड फुटला तर टीडीईचा काडीचा उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर डेटा बऱ्याचदा असाच जातो. म्हणून खाते नंबरसारखे मोजके कॉलम वेगळे एन्क्रिप्ट करा, २०१६ च्या व्हर्जनपासून त्यासाठी ऑलवेज एन्क्रिप्टेड नावाची सोय आहे, त्यात एन्क्रिप्शनची किल्ली अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूला राहते आणि सर्व्हरच्या अ‍ॅडमिनलाही नुसता कचरा दिसतो. मात्र अशा कॉलमवर लाइक (अर्धवट मजकुरावरून) किंवा रेंजचा (अमुक ते तमुक) सर्च साध्या सेटिंगमध्ये चालत नाही, म्हणून सरसकट सगळ्या कॉलमना लावत सुटू नका.

आणि तुम्ही विचारलं नाहीये पण टीडीईची किल्ली ज्याने जपली जाते त्या सर्टिफिकेटचा बॅकअप घेतलाय का? त्याच्या प्रायव्हेट की म्हणजे गुप्त किल्लीसकट? नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी तो घ्या. सर्व्हर बसला आणि सर्टिफिकेट हातात नसेल तर डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर होत नाही, तिथे कोणी मदत करू शकत नाही, मायक्रोसॉफ्टसुद्धा नाही. फक्त सर्टिफिकेटचा बॅकअप डेटाबेसच्या बॅकअपच्याच फोल्डरमध्ये ठेवू नका, कुलूप लावून किल्ली तिथेच खिळ्याला अडकवल्यासारखं होईल. टीडीई चालू करायच्या आधीचे जुने बॅकअप अजून उघडेच आहेत, तेही शोधून काढा.

पासवर्डचं म्हणाल तर ते एन्क्रिप्ट करायचेच नसतात, हॅश करायचे असतात, म्हणजे परत उलटवता येणार नाही असं रूप द्यायचं असतं, कारण एन्क्रिप्ट केलेलं किल्ली मिळाली की उलटं उघडतं. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीचा डेटा फुटला तेव्हा पासवर्ड एन्क्रिप्टच केलेले होते, पण अशा पद्धतीने की दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर एन्क्रिप्ट केलेला मजकूरही सारखाच, आणि शेजारी पासवर्डच्या हिंट उघड्या पडलेल्या, मग लोकांनी किल्ली न मिळवताच कितीतरी पासवर्ड ओळखले. तुम्ही बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या हॅशच्या पद्धती वापरा, दोन्हीत प्रत्येक पासवर्डला वेगळा सॉल्ट (हॅशआधी जोडलेला रँडम तुकडा) लागतो आणि हॅश काढायला मुद्दाम वेळ लागतो.

स्पीडची भीती असेल तर हल्लीच्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठी वेगळ्या इन्स्ट्रक्शन असतात, टीडीईमुळे थोडा फरक पडतो पण सहसा जाणवत नाही. पहिल्यांदा चालू करताना मात्र सगळी फाइल स्कॅन होते, त्यामुळे ते काम गर्दीच्या वेळी करू नका.