नोकरी सोडून सहा महिन्यांचा सॉफ्टवेअर कोर्स करावा का?

नमस्कार. तुमचे वय ३३, शिक्षण बी.कॉम., नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये सव्वाचार वर्षे नोकरी आणि पगार वीस हजारांच्या आसपास, असे तुम्ही लिहिले आहे. घरी पत्नी, दुसरीत शिकणारी मुलगी आणि मधुमेहाची औषधे चालू असलेली आई आहे. एका क्लासने एक लाख वीस हजार रुपयांत सहा महिन्यांचा पूर्णवेळ कोर्स आणि त्यानंतर नोकरीची हमी देऊ केली आहे, फी हप्त्यांनी भरता येणार आहे, तर राजीनामा द्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. शेवटच्या ओळीत तुम्ही हेही सांगता की पत्नीला अजून यातले काहीच ठाऊक नाही.

राजीनामा देऊ नका, हे माझे स्पष्ट मत आहे. संगणकाच्या क्षेत्रात मात्र अवश्य या. तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला शेवटची वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२०१९ मध्ये मी ३४ वर्षांचा होतो आणि नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) आणि बिलिंग पाहत होतो. घरी पत्नी, दोन मुले आणि अर्धांगवायूतून सावरत असलेले वडील होते. मीही एका क्लासमध्ये ३८ हजार रुपये भरले होते. दोन महिन्यांत तीन शिक्षक बदलले, चौथ्या वेळी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात झाली तेव्हा मी जाणे थांबवले, आणि पैसे परत मिळाले नाहीत. पण त्या पैशांपेक्षा मनाला जास्त लागले ते नंतर घरात कळलेले. घरीच अभ्यास करायचे ठरवल्यावर मी रोज किती तास बसलो याची नोंद एका दोनशे पानी वहीत ठेवू लागलो. महिना संपल्यावर त्याच वहीच्या मागच्या पानापासून पत्नीने केलेली नोंद माझ्या हाती आली. बाबांना फिजिओथेरपीला नेणे, मुलाचा अभ्यास, रेशन, बँक, गॅसचा नंबर, ही जी कामे आधी माझी होती आणि त्या महिन्यात न सांगता तिच्याकडे गेली, त्यांचे तास तिने तारखेनिशी लिहिले होते. माझे अभ्यासाचे तास ५४ भरले, तिचे ६१. तिने तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली की हे तासही मोजा, म्हणजे किती महिने चालेल ते कळेल.

त्या दिवसापासून आमच्या घरात ही गोष्ट दोघांची झाली. आम्ही एका रविवारी बसून ठरवले की पहाटे साडेचार ते साडेसहा हा वेळ माझा, संध्याकाळी आठ ते नऊ मुलांचा, आणि रविवारी दुपारपर्यंत बाबांचे सगळे मी करायचे, तो वेळ तिचा. रात्री अभ्यास करून पाहिला होता, पण दिवसभर गोदामात उभे राहून आलेल्या माणसाच्या डोक्यात रात्री दहानंतर काही शिरत नाही, निदान माझ्या तरी शिरले नाही. नागपूरच्या मे महिन्याचाही विचार करावा लागतो. कूलर एका खोलीत असतो, सगळे घर त्याच खोलीत झोपते, आणि तिथे दिवा लावून बसणे म्हणजे सगळ्यांची झोप मोडणे. मी दोन उन्हाळे स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून टेबलफॅनसमोर बसलो. तुमच्या जवळपास स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका असेल आणि ती पहाटे उघडत असेल, तर महिन्याची फी भरून तिथे जागा घेण्याचा विचार जरूर करा. तिथे बसलेली मुले तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील, त्याचे काही वाटून घेऊ नका.

आता पैशांचे पाहू. तुमची सव्वाचार वर्षे झाली आहेत, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला आणखी नऊ महिने हवेत. कायद्याने सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, शेवटच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १५/२६ पट रक्कम सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी मिळते. मूळ वेतन १४ हजार धरले तर पाच वर्षांचे सुमारे ४० हजार रुपये होतात. आज राजीनामा दिलात तर हे तुम्ही सोडून देता. दुसरे म्हणजे, महिना २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू असते, त्यामुळे आईची औषधे तुम्ही बहुधा त्याच कार्डावर घेत असाल. नोकरी सुटली की तो आधार काही महिन्यांत संपतो. पुढे नव्या नोकरीत पगार २१ हजारांच्या वर गेला तरी ईएसआयसी राहणार नाही, आणि कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आईवडील धरलेले असतातच असे नाही. म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच स्पष्टपणे हेही विचारून घ्या.

क्लासच्या हप्त्यांविषयी सावध राहा. फी ‘हप्त्यांनी’ म्हटले की बहुतेक वेळा ते एखाद्या वित्त कंपनीचे तुमच्या नावावरचे कर्ज असते. क्लासला पूर्ण रक्कम सुरुवातीलाच मिळते, आणि तुम्ही कोर्स सोडला किंवा क्लासच बंद पडला तरी हप्ते चालू राहतात. नोकरीच्या हमीचा कागद मागून घ्या आणि घरी नेऊन सावकाश वाचा. हमी नोकरीची आहे की फक्त मुलाखतींची, पगाराचा आकडा लिहिला आहे का, शहर कोणते, वयाची आणि पदवीच्या वर्षाची अट आहे का, हे त्यात शोधा. नव्या पदवीधरांना घेताना अनेक मोठ्या कंपन्या पदवी कोणत्या वर्षाची हे पाहतात, त्यामुळे २२ वर्षांच्या मुलांच्या रांगेत तुम्हाला उभे करणारा कोर्स तुमच्या कामाचा नाही.

तुमची रांग वेगळी आहे, आणि ती तुमच्या स्टोअरपासून सुरू होते. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझे काम यामुळेच झाले.

ट्रान्सपोर्टमध्ये १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या, ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, आवश्यक झाले. त्याला मुदत असते. माल वाडीच्या गोदामात पडून राहिला किंवा गाडी वाटेत बिघडली आणि मुदत संपली, तर माल अडवला जातो आणि दंडाचा प्रश्न मिटेपर्यंत गाडी सुटत नाही. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतरच्या आठ तासांपर्यंतच. आमच्याकडे हे सगळे एका माणसाच्या लक्षात राहण्यावर चालले होते. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा पहिले चार महिने शिकून झाल्यावर मी पोर्टलवरून उतरवलेली यादी आणि आमचे डिस्पॅच रजिस्टर जुळवून, आज रात्री आणि उद्या कोणत्या बिल्ट्यांची मुदत संपते आहे हे तारखेच्या क्रमाने दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. ३० ऑक्टोबरपर्यंत तो नीट चालला. ३१ तारखेला, ज्या गाड्यांची मुदत त्याच रात्री संपत होती त्या यादीच्या अगदी तळाला गेल्या आणि १ नोव्हेंबरच्या गाड्या वर आल्या. तारखा मी मजकूर म्हणून ठेवल्या होत्या, आणि मजकूर म्हणून ‘०१/११’ हे ‘३१/१०’ च्या आधी येते. ही चूक मला दोन दिवस सापडत नव्हती. सापडली तेव्हा तारीख, अंक आणि मजकूर हे संगणकाला वेगळे का सांगावे लागतात ते मला कायमचे समजले. क्लासमध्ये तोच धडा मी फळ्यावरून उतरवून घेतला होता.

पुढे १ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला. आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळत होती, ती दर २०० किलोमीटरला एक दिवस झाली, म्हणजे मुंबईच्या सव्वाआठशे किलोमीटरसाठी नऊ दिवसांचे पाच झाले. अंदाजासाठी मी प्रोग्राममध्ये १०० हा आकडा सात ठिकाणी लिहिला होता. तो एकाच ठिकाणी असायला हवा होता, हेही त्या आठवड्यात शिकलो.

आमच्या कार्यालयाला बिल्टीचे सॉफ्टवेअर देणारी नागपूरचीच एक छोटी कंपनी होती. त्यांचा माणूस दुरुस्तीला आला असताना मी त्याला हे दाखवले. त्यांना प्रोग्राम लिहिणारी मुले मिळत होती, पण गोदामात जाऊन मुनीमाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा आणि परत येऊन डेटाबेसमध्ये (संगणकातल्या नोंदींच्या साठ्यात) चूक शोधू शकणारा माणूस मिळत नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये मी तिथे सपोर्टला रुजू झालो, म्हणजे सुरुवातीपासून सुमारे पावणेतीन वर्षांनी. पगार आधीपेक्षा तीन हजारांनी कमी होता. तो पुन्हा पूर्वीइतका व्हायला ११ महिने लागले, आणि त्या ११ महिन्यांसाठी लागणारे पैसे आम्ही आधीच बाजूला काढले होते. आज मी तिथेच डेटाबेस आणि रिपोर्टचे काम करतो.

तुमच्याकडे यापेक्षा चांगली सामग्री आहे. जीआरएन (आलेल्या मालाची पावती), बिन कार्ड (कप्प्यातल्या साठ्याचे कार्ड), मटेरियल इश्यू स्लिप (दिलेल्या मालाची चिठ्ठी), प्रत्यक्ष साठा आणि कागदावरचा साठा यांतला फरक, कोणता माल सहा महिने हललाच नाही, या गोष्टी तुम्ही रोज हाताळता. तुमच्या कारखान्यात जे ईआरपी, म्हणजे साठा, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, असेल त्याच्या मागे एक डेटाबेस असतो, म्हणून आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका, मग पायथन. घरी एक नमुना डेटाबेस बनवा, त्यात काल्पनिक मालाच्या शंभर नोंदी भरा आणि न हललेल्या मालाची यादी काढून दाखवा. कंपनीची खरी माहिती मात्र परवानगीशिवाय घरी आणू नका. मी माझ्या मालकांना विचारूनच काम केले होते. ईआरपी बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कंपन्यांत सपोर्ट (ग्राहकांच्या अडचणी सोडवणे), इम्प्लिमेंटेशन (सॉफ्टवेअर बसवून देणे) आणि टेस्टिंग (ते तपासणे) ही तीन दारे तुमच्यासाठी उघडी आहेत असे मला वाटते. नागपूरच्या मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांत, पहिल्याच वर्षी जागा मिळेल या अपेक्षेने निघू नका. लहान कंपनीत दोन वर्षे काढली की तिकडे अनुभवी माणूस म्हणून अर्ज करता येतो.

एआय आता प्रोग्राम लिहिते, मग शिकून उपयोग काय, असेही तुम्ही विचारले आहे. साधा प्रोग्राम ते लिहिते हे खरे आहे, आणि त्यामुळे नवशिक्यांच्या जागा कमी होतील ही तुमची भीती मला निराधार वाटत नाही. पण स्टोअरमध्ये परत आलेला माल पुन्हा साठ्यात धरायचा की तपासणीपर्यंत बाजूला ठेवायचा, हे त्याला सांगावे लागते, आणि सांगितलेले त्याने बरोबर केले की नाही हे पाहावेही लागते. ते पाहायला तुमचा अनुभव लागेल आणि एसक्यूएलही लागेल.

शिकण्यासाठी सुरुवातीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथनसारख्या विषयांचे छोटे धडे मराठीतून विनामूल्य आहेत. बुटीबोरीच्या बसमध्ये जातायेता तुमचा जो वेळ जातो त्यात ते ऐकता येतील, मात्र घरी येऊन हाताने करून पाहिल्याशिवाय ते टिकत नाहीत. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण उपक्रमांचे अभ्यासक्रमही विनामूल्य असतात, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. पदवीच हवी असेल तर नोकरी सांभाळून इग्नूचे बीसीए किंवा एमसीए करता येते. एमसीएला गणिताची अट आधी वाचून घ्या. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला वयाची अट नाही, बारावी झालेले आणि दहावीला गणित व इंग्रजी असलेले कोणीही पात्रता प्रक्रियेत उतरू शकते. पण पदवीचे हप्ते आणि घराचे हप्ते एकाच वर्षी सुरू करू नका. आधी सहा महिने एसक्यूएलवर घालवा, आवडते का ते पाहा. लॅपटॉप नागपूरच्या बर्डीच्या बाजारात जुना घेतलात तरी चालेल, फक्त ८ जीबी रॅम आणि एसएसडी असल्याची खात्री करा.

आधी पत्नीला हे सगळे सांगा, क्लासचा कागद आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब तिच्यासमोर ठेवा, आणि एक वही आणून वहीच्या मागच्या बाजूची पाने पत्नीच्या नोंदींसाठी मोकळी ठेवा. नऊ महिन्यांनी, पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, दोघांचे तास काय सांगतात ते पाहून राजीनाम्याचा प्रश्न पुन्हा काढा. तोवर तुमच्या नमुना डेटाबेसमध्ये काही अडले तर इथेच लिहा, मी वेळ काढून पाहीन.