एकट्याच्या हाती पाग

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी देवगडचा, वय 23. आम्ही चौघा मित्रांनी दोन वर्षं खपून एक ऑनलाइन सर्व्हायव्हल गेम केला आहे, गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये. गलबत फुटतं आणि 30 जण एका बेटावर येऊन पडतात. झोपड्या बांधायच्या, मासे धरायचे, एकमेकांचा माल जपायचा किंवा लुटायचा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला निदान चार जण लागतात. मोठ्या होडीला 1200 फळ्या लागतात, दहा जण मिळून दोन रात्रींत ती बांधतात. सुरुवातीला सर्व्हर भरलेला असायचा. आता रात्री कधी पाच जण, कधी एकच. सर्व्हरचं भाडं आम्ही खिशातून भरतो. पावसात रेंज गेली की आम्हालाही आमचा गेम उघडत नाही. खेळणारे म्हणतात, एकट्याने खेळायची सोय करा. आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, नेटवर्कचा कोड काढून एकट्याची वेगळी आवृत्ती लिहू. दुसरा म्हणतो, आहे तोच सर्व्हर एकासाठी चालू करू, बाकी कशाला हात नको. काय करावं?

उत्तर : दोन्ही वाटा चुकतात, पण वेगवेगळ्या जागी.

वेगळी आवृत्ती लिहू नका. चार जणांना दोन गेम सांभाळता येत नाहीत. माइनक्राफ्टचा एकट्याचा गेम आणि ऑनलाइन गेम पूर्वी वेगळे चालायचे. इकडे दुरुस्त केलेली चूक तिकडे तशीच राहायची. 2012 च्या ऑगस्टमध्ये 1.3 ही आवृत्ती आली आणि त्यांनी दोन्ही एक केले. तेव्हापासून एकट्याने खेळायला बसलं की संगणकाच्या पोटातच एक छोटा सर्व्हर सुरू होतो आणि आपण त्याला जोडले जातो. क्वेक या गेमची रचना 1996 मध्येच अशी होती. गोडो 4 मध्ये तर ही सोय तयारच आहे. बाहेरचा सर्व्हर जोडला नसेल तर इंजिन 'ऑफलाइन मल्टिप्लेयर पीअर' वापरतं आणि तुमचा गेम स्वतःलाच सर्व्हर मानतो, आणि गोडोत सर्व्हरचा क्रमांक नेहमी 1 असतो. घाव कुणाला लागला, फळ्या किती मिळाल्या, हे ठरवणारा कोड आहे तसा चालेल.

अडेल कुठे तेही सांगते, कारण माझा एक अख्खा आठवडा तिथे गेला होता. 'क्रमांक 1 म्हणजे सर्व्हर, तो माणूस नाही' असं तुमच्या कोडने जागोजागी धरलेलं असणार. मग क्रमांक 1 साठी पात्रच जन्माला येत नाही. गेम सुरू होतो, लाटा दिसतात, आणि बेटावर कुणीच नाही. दुसरी अडचण आरपीसीची, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला 'हे काम कर' म्हणून धाडायच्या निरोपाची. सर्व्हरला धाडायचा निरोप आता स्वतःलाच धाडला जातो, आणि त्यावर 'कॉल लोकल' (स्वतःकडेही चालव) लिहिलेलं नसेल तर गोडो तो नाकारतो. एकेक शोधून काढावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला शेवट आहे.

साठवण मात्र मुळातून बदला. भाड्याच्या सर्व्हरवरचा डेटाबेस घरच्या लॅपटॉपवर न्यायची गरज नाही, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेल. सगळं जग एका फाइलीत राहतं आणि लिहिता लिहिता वीज गेली तर ते आधीच्या धड स्थितीवर परत येतं. साधी फाइल लिहिणार असाल तर नवी प्रत वेगळ्या नावाने पुरती लिहा, ती डिस्कवर उतरली की मगच जुनीच्या जागी ठेवा, आणि मागच्या दोन-तीन प्रती राहू द्या. आपल्याकडे जूनमध्ये दिवसातून चारदा लाईट जाते. ज्या पोराने महिनाभर बेट वसवलं त्याची फाइल अर्धवट लिहिली जाऊन बिघडली, तर तो पुन्हा तुमच्या गेमकडे वळणार नाही.

आता दुसऱ्या मित्राचं. 'बाकी कशाला हात नको' हे त्याचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्यामागे एक आठवण आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी हर्णैजवळच्या आमच्या वाडीत होते. दुपारपर्यंत कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, आणि पुढचे कित्येक दिवस वीज नाही, रेंज नाही. बारा वर्षांचा भाचा टाळेबंदीमुळे आमच्याकडेच अडकला होता. तो असाच एक ऑनलाइन सर्व्हायव्हल गेम खेळायचा. त्याने तिथे दगडी घर बांधलं होतं, शेत केलं होतं. रोज विचारायचा, मावशी, रेंज आली का? कारण त्या गेममध्ये काही दिवस फिरकलं नाही तर घर झिजून पडायचं. सर्व्हरवर 50 जण असतील तर तो नियम योग्यच आहे, सोडून गेलेल्यांची घरं जागा अडवतात. शेवटी रेंज आली. त्याने गेम उघडला आणि फोन माझ्या हातात दिला. घराच्या जागी गवत होतं. आमच्या खऱ्या घराची कौलं तोवर बसवून झाली होती, त्याचं घर मात्र परत आलं नाही. तुमच्यासारखं पत्र कुणी लिहिलं की मला तो फोन आठवतो.

म्हणून एकट्याच्या मोडमध्ये पहिला नियम हा ठेवा : खेळणारा उठला की जग थांबलं पाहिजे. झीज नाही, कुजणं नाही, खऱ्या घड्याळावर चालणारं काही नाही. आणि खेळतानाही पॉज हवा. ऑनलाइनमध्ये तो देता येत नाही, इथे न द्यायला कारण उरत नाही. आईने जेवायला हाक मारली तर पोराला उठता आलं पाहिजे. गोडोत गेमचं सगळं झाड (सीन ट्री) थांबवलं की मेनूही थिजतो, तेवढा मेनूचा प्रोसेस मोड 'ऑलवेज' ठेवायला विसरू नका.

यापुढे जे सांगते त्यावर तुमचे सगळ्यात जास्त दिवस जातील, आणि जायला हवेत. 30 जणांच्या बेटावर ती 30 माणसं काय काय करत होती, ते चौघांनी कागदावर लिहून काढा. कुणी लुटायला यायचं, म्हणून कुंपण लागायचं. कुणाकडे लोखंड असायचं, म्हणून मासळीला किंमत होती. चौथा माणूस मिळेना म्हणून रापण किनाऱ्यावर पडून राहायची आणि त्यावरून भांडणं व्हायची, मैत्री व्हायची. माणसं गेली की ही सगळी कामं कुणीच करत नाही. तुझा मित्र म्हणतो तसा नुसता सर्व्हर चालू केला तर उरेल एक रिकामं बेट आणि ओढता न येणारं जाळं.

मग रापणीचं काय? चार माणसांचं बळ एका पात्राच्या अंगात घालायचा मोह होईल. घालू नका. तू देवगडचा, तुला रापण माहीत आहे. दोन्ही दोरांना लागलेली माणसं, वाळूत रुतलेले पाय, शेवटी होणारी वाटणी. ती एकट्याने ओढली की ती रापण राहत नाही. एकट्या माणसाकडे आपल्याकडे पाग असतं. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, खांद्यावर जाळं घ्यायचं, पाणी वाचायचं आणि फेकायचं. पाग टाकण्यात बळापेक्षा नजर लागते. खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला, बगळे एका जागी बसले, तर तिथे टाकायचं. तुमच्या एकट्या खेळाडूला हे शिकू द्या. रापण किनाऱ्यावर पडलेली दिसू द्या हवी तर, वाळूत अर्धी पुरलेली. पूर्वी इथे माणसं होती एवढं त्याला त्यातून कळेल.

होडीचा हिशोबही नुसत्या भागाकाराने सुटत नाही. दहा जण, दोन रात्री, म्हणजे एकट्याला वीस रात्री. कुणी थांबणार नाही. 1200 च्या 120 फळ्या केल्या तर होडी दोन रात्रींत होईल, पण ती मिळाल्याचं काही वाटणार नाही. मी मध्ये एक पायरी घालेन : आधी एकट्याला पेलेल अशी उलांडीची (तोल राखायला बाजूला लाकूड जोडलेली) लहान होडी, साधारण तिसऱ्या-चौथ्या रात्री. तिने खाडी ओलांडता येते, पलीकडचं लाकूड मिळतं, आणि त्या लाकडातून मोठी. आर्क या गेममध्ये एकट्यासाठी एक वेगळा पर्याय आहे. तो लावला की जनावरं माणसाळण्याचा, पिल्लं वाढण्याचा वेग एकट्याला झेपेल असा होतो. व्हॅलहाइम 2021 मध्ये आला तेव्हापासून त्याची मांडणी मला जास्त आवडते. तिथे हिशोब एका खेळाडूपासून सुरू होतो आणि जवळ आणखी माणसं आली की शत्रू तेवढे चिवट होतात. तुम्ही उलटे, तिसापासून खाली येताय. आकडे पुन्हा एकापासून मांडा. पुढे दोघं-तिघं मिळून खेळले तरी तेच सूत्र चालेल.

लुटारूंच्या जागी कोण, हा प्रश्न तुम्हाला सतावेल. 30 खोटी माणसं बनवू नका. चौघांच्या ताकदीत ती धड होणार नाहीत आणि खेळणाऱ्याला लगेच कळेल. तुमच्याकडे समुद्र आहे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास सांगायचे. हे गेममध्ये घाला. उधाणाला खालची झोपडी बुडते, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत काही होत नाही, हे खेळणाऱ्याने चंद्र बघून ओळखायचं. वर्षाला ऋतू द्या. यांत्रिक नौकांना आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तुमच्या बेटावरही त्या दोन महिन्यांत मोठी होडी पाण्यात जाऊ नये. त्याआधी सुकट घालायची, तांदूळ भरायचे, छप्पर शाकारायचं. पाऊस लागला की खाडीत पाग टाकून मिळेल तेवढंच. नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्याचं दार उघडेल. पावसाला तोंड द्यायची ही तयारी कुठल्याही लुटारूपेक्षा जास्त धाक देईल, आणि ती तुम्हाला कुणाकडून शिकायला नको.

लोखंडासाठी एक व्यापारी पुरे. तो रोज येऊ नये. हर्णैला होड्या लागल्या की किनाऱ्यावर लिलाव उभा राहतो आणि मासळी संपली की माणसं पांगतात. तसा तुमचा गलबतवाला भरतीबरोबर येईल आणि ओहोटीच्या आत निघून जाईल. गाठला तर गाठला.

दोन गोष्टी थोडक्यात. एकट्याची फाइल घरच्या संगणकावर असणार, म्हणजे कुणीतरी ती उघडून स्वतःला हजार फळ्या देणार. देऊ दे, त्यात कुणाचं नुकसान नाही. फक्त ते पात्र ऑनलाइन बेटावर नेता येता कामा नये. आणि एकट्याचा मोड सुरू करताना लॉगिन विचारू नका, एकदाही नाही. 2013 मध्ये सिमसिटी हा शहर वसवायचा गेम इंटरनेटशिवाय चालत नव्हता, पहिल्या दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेली माणसं बाहेर ताटकळली. ऑफलाइन मोड यायला 2014 चा मार्च उजाडला. द क्रू या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांना एकट्यानेही तो चालवता येईना. त्यातून 'विकलेले गेम बंद पाडू नका' म्हणत उभ्या राहिलेल्या मोहिमेला युरोपात 2025 च्या जुलैपर्यंत 10 लाखांवर सह्या मिळाल्या. तुम्ही चौघंही कधीतरी भाडं भरायचे थांबाल. तोपर्यंत हा मोड तयार ठेवा, म्हणजे त्या दिवशी कुणाचं बेट बुडणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. रात्री अनोळखी लोकांबरोबर सर्व्हायव्हल गेम खेळतो, मधेच उठता येत नाही म्हणतो. एकट्याने खेळायला लावू का? – एक आई, गुहागर

उत्तर : उठता येत नाही हे तो खरंच सांगतोय. ऑनलाइन बेटावर तो जेवायला उठला तर त्याचं पात्र तिथेच उभं राहतं आणि कुणीही येऊन मारतं. एकट्याच्या मोडमध्ये पॉज करता येतो, अनोळखी कुणी बोलत नाही. म्हणून शाळेच्या दिवसांत एकट्याचा मोड, हा नियम मला योग्य वाटतो. पण त्याला कायम एकटं बसवू नका. बऱ्याच गेममध्ये एकाच घरातल्या वायफायवर दोघा-तिघांना एका बेटावर खेळता येतं. शेजारचा मित्र रविवारी लॅपटॉप घेऊन तुमच्या पडवीत येऊ दे. तुम्हीही एकदा त्याच्याजवळ बसा आणि त्याने काय बांधलंय ते दाखवायला सांगा. माझ्या भाच्याचं घर मी ते पडायच्या आधी कधी पाहिलं नव्हतं, त्याची चुटपुट मला अजून आहे.

प्रश्न : गणपतीला गावी येताना गाडीत वेळ जात नाही. लॅपटॉपवर कुठला सर्व्हायव्हल गेम नेटशिवाय चालेल? – एक चाकरमानी, मूळ राजापूर

उत्तर : माइनक्राफ्ट आणि व्हॅलहाइम दोन्ही चालतील. घरी नेट असताना एकदा लॉगिन करून गेम उघडून बघा. व्हॅलहाइम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतला असेल तर निघण्याआधी स्टीम ऑफलाइन मोडवर टाका. रस्ट घेऊ नका, त्यात एकट्यासाठी वेगळा मोडच नाही. रत्नागिरीच्या आधी साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. मागच्या वर्षी तिथे माझ्यासमोरच्या मुलाचा ऑनलाइन गेम तुटला आणि उजेडात आल्यावर तो पार सुरुवातीच्या किनाऱ्यावर उभा होता. चार्जर घ्या, आणि चिपळूण येईपर्यंत बॅटरी जपून वापरा.