दुसरी वाट चालून बघ

चि. ... यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खाणीच्या दुसऱ्या आउटलेटच्या, म्हणजे बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेवर पाणी साचलंय, छताचा दगडही सुटलाय, हे तू वरिष्ठांना सांगितलंस आणि ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ असं ऐकून गप्प बसलास. गप्प बसू नकोस. त्या वाटेचा नियम कसा आला, ते आधी ऐक.

इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडची न्यू हार्टली खाण. तिच्यात पाणी फार, म्हणून शाफ्टच्या, म्हणजे खाली उतरणाऱ्या उभ्या विवराच्या तोंडावर अवाढव्य पंप-इंजिन आणि त्याची चाळीसेक टनांची ओतीव लोखंडी तुळई. शाफ्ट एकच, बारा फूट रुंदीचा, मध्ये लाकडी पडदी घालून दोन भाग केलेला. माणसं, कोळसा, पाणी, हवा, सगळ्यांची ये-जा तिथूनच. १६ जानेवारी १८६२ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास पाळी बदलत असताना ती तुळई मोडली आणि तिचा अर्धा भाग शाफ्टमध्ये कोसळला. पडदी, लाकडं, दगड सोबत घेऊन तो निम्म्या वाटेवर अडकला. केजमधून, म्हणजे माणसं चढवणाऱ्या पिंजऱ्यातून वर येणाऱ्या आठांपैकी पाच जण गेले. खाली १९९ माणसं आणि पोरं होती. पाळी बदलत होती म्हणून इतकी.

ती लगेच मेली नाहीत, हे लक्षात ठेव. मृतांपैकी एकाच्या वहीत दुसऱ्या दिवशी दुपारची नोंद सापडली: पावणेदोनला प्रार्थना केली, काही जण फार आजारी पडलेत. वरून लोक रात्रंदिवस राडारोडा उपसत होते, पण जायला जागा तेवढी एकच, आणि तिथेच विषारी वायू साठलेला. सहाव्या दिवशी आत पोहोचले तेव्हा कुणीच जिवंत नव्हतं. बाप-लेक शेजारी शेजारी सापडले. एकूण बळी २०४.

धोका कुणाला ठाऊकच नव्हता, असंही नाही. १८३९ मध्ये जवळच्याच साउथ शील्ड्समधल्या सेंट हिल्डा खाणीत स्फोट होऊन पन्नासच्या वर माणसं गेली. तिथल्या नागरिकांच्या समितीने अभ्यास करून अहवाल छापला. खाणींच्या पसाऱ्याच्या मानाने शाफ्ट फार कमी आहेत, हे त्यात होतं. पण खोल शाफ्ट खणायला पैसा लागतो. हार्टलीनंतर मात्र त्याच वर्षी, १८६२ च्या ऑगस्टमध्ये, खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात, असा कायदा झाला. तरीही जुन्या खाणींना १८६५ पर्यंत मुदत मिळाली, याचा मला आजही संताप येतो.

समुद्रापलीकडे अमेरिकेत तर तेवढंही झालं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅव्हनडेल खाणीला १८६९ मध्येही एकच शाफ्ट होता आणि त्याच्यावर कोळसा फोडण्याचा लाकडी कारखाना उभा होता. ६ सप्टेंबरला आग लागली आणि बाहेर पडायची वाट जळून गेली. वाचवायला उतरलेले दोघे धरून ११० गेले. हार्टलीची बातमी तोवर सात वर्षं जुनी झाली होती. पेनसिल्व्हेनियाचा दुसऱ्या वाटेचा कायदा त्यानंतर, १८७० मध्ये आला.

तुझ्या खाणीत ती वाट कागदावर आहे. तिच्यातून पाळीभर माणसं बाहेर येऊ शकत नसतील, तर तुझी खाण एका शाफ्टचीच आहे, असंच मी म्हणेन.

तेव्हा अहवालात ‘दुरुस्ती इष्ट आहे’ असलं काही लिहू नकोस. मुख्य वाट बंद झाली तर खाली किती जण असतील, ते कुठून निघतील, त्यांना किती वेळ लागेल, पाणी नेमकं कुठे आणि किती आहे, हे लिही. तारीख घाल, पोच घे. नकार आला तर तो सहीनिशी माग. तरीही काही हललं नाही, तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे. तिथे कळवण्यात फितुरी नाही. आणि जुना सरदार, म्हणजे खाली पाळीवर देखरेख करणारा, आणि पंपवाला यांना आधी विचार. पाणी कधीपासून चढतंय ते त्यांना माहीत असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

या आठवड्यात सरदाराला सोबत घेऊन, गॅस तपासत, जिथपर्यंत सुरक्षित आहे तिथपर्यंत ती वाट चालून ये. घड्याळ लावून वेळ टिपून ठेव. कच्चा मसुदा मला पाठव, मी त्याच दिवशी वाचून परत करेन.

तुझा,
काका