आधी प्रकाशाला जाऊन ये

भाऊ, जुन्या शहरांचं पुरातत्त्व शिकायला कुठून सुरुवात करू, असं विचारलंस ना? मोहेंजोदडोपासून सुरुवात करू नकोस. सगळे तिथूनच करतात आणि पंधरा दिवसांत कंटाळतात. तू शहाद्याचा, मग आधी तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावाला जा. १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळापासूनचे (तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरायचे, तो काळ) वस्तीचे थर एकावर एक निघाले.

आपल्याकडे गावठाणाला 'पांढर' म्हणतात ना? राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून साचून जमीन पांढुरकी होते, शेताची काळीच राहते. हा शब्द नीट कळला की पुरातत्त्वाचं अर्धं काम कळलं. पावसाने कापलेल्या कडेला लाल खापर दिसेल, त्यावर काळ्या रेघांची जाळी. जोर्वे पद्धतीचं (ताम्रपाषाण काळातल्या भांड्यांचा एक प्रकार) असेल तर पक्कं भाजलेलं असतं, खणखणीत वाजतं. बघ, फोटो काढ, पण उचलून घरी नेऊ नकोस. (मी नेलं होतं एकदा. जागेपासून तुटलं की खापर मुकं होतं.)

मग पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्डचा १९५० चा 'नागरी क्रांती' हा लेख वाच. त्याने शहराच्या दहा खुणा सांगितल्यात: दाट वस्ती, लेखन, मोठ्या इमारती, शिलकीचं धान्य वगैरे. पण ती यादी पाठ करू नकोस, तपासून बघ. मोहेंजोदडोत राजवाडा म्हणावा असं काही खात्रीने सापडलेलं नाही, तरी ते शहरच! आणि प्रकाशाला एवढी नदी, एवढी काळी जमीन असूनही त्या काळात शहर का झालं नाही? वहीत पहिला प्रश्न हाच लिही.